अर्धी प्रदक्षिणा

सोमवार मुद्दाम टाळला.
मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास
टॅक्सीच्या डिकीतून अण्णांची खुर्ची काढली
आणि बाबुलनाथच्या पायथ्याशी उघडली.
एक चाक कुरकुरलं.
"तेल," अण्णा म्हणाले.

उजवं अंग गेल्यापासून ते एकेकच शब्द बोलतात,
पान्ह्यांच्या पेटीतून
नेमका दहा नंबरचा काढावा तसा.

सव्वीस वर्षं इथल्या लिफ्टची देखभाल
गुणाजी पेडणेकरांकडे होती.
रात्री देऊळ मिटलं की जायचे,
खड्ड्यात उतरून दोर चाचपायचे.
पहाटे घरी यायचे ते ग्रीसचा वास घेऊन
आणि खिशात कुणीतरी दिलेलं बेलाचं पान,
त्यावर स्वतःच्याच बोटाचा काळा ठसा.
आई ते तसंच देव्हाऱ्यात ठेवायची.
"दर्शन झालं?"
"हात खराब होते."
सव्वीस वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर.
आई गेल्यावर प्रश्न माझ्याकडे आला.
मी तो कपाटात ठेवून दिला,
तिच्या बाकीच्या वस्तूंसारखा.

फुलवालीने द्रोण भरून दिला,
बेल, धोतरा, रुईची चार फुलं.
अण्णांना तिने ओळखलं नाही.
कोण ओळखणार?
लिफ्ट बंद पडली
तरच लोक त्यांना शोधायचे.

"खुर्चीचे दोन धरतो," लिफ्टवाला पोरगा म्हणाला
आणि बाकीचे सहा आत घेतले.
दार सरकलं. हात जोडले गेले.
कुणी नमः शिवाय पुटपुटायला लागलं.
अण्णांनी डोळे मिटले.
मला वाटलं, चला, आलो ते कारणी लागलं.
मध्यावर कुठेतरी त्यांनी डावं बोट वर केलं:
"शू!"
सगळे गप्प. नामस्मरणसुद्धा थांबलं.
एका काकांनी तर ओशाळून चष्मा काढला.
"गाइडचा शू," मी सांगितलं,
"लिफ्टचा. झिजलाय म्हणतायत."
"डावा," अण्णा म्हणाले.

वर वारा होता.
दोन टॉवरांच्या फटीतून
चौपाटीचा समुद्र दिसत होता, धुतलेल्या पत्र्यासारखा.
पिंडीवर टांगलेल्या पात्रातून थेंब पडत होता,
मग बराच वेळ नाही,
मग एकदम दोन.
अण्णा बघत राहिले.
"गळती," ते म्हणाले.
आता ते पात्राचं नाव होतं
की तक्रार, मला कळलं नाही.

तांब्या डाव्या हातात दिला.
मागून एक बाई कुजबुजली, "उजव्याने, उजव्याने."
"चालतं," गुरुजी म्हणाले, वर न बघता.
पाणी पडलं. थोडं पिंडीवर,
बरंचसं पँटवर.
मग अण्णांनी तो हात उलटासुलटा करून पाहिला.
सात वर्षांत नखांतली काळी रेघ गेलीय.
इस्पितळात पुसून पुसून
तळवा एखाद्या कारकुनाचा झालाय.
आता कारणच उरलेलं नव्हतं.

महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच.
गोमुखापर्यंत जायचं,
वाहतं पाणी ओलांडायचं नाही, आलो तसं परतायचं.
खुर्ची वळवायला जागा नव्हती
म्हणून मी ती उलटी ओढत आणली.
अण्णांचं तोंड गोमुखाकडेच राहिलं.
"दर्शन झालं?"
माझ्या तोंडून आईच्याच आवाजात गेलं.
अण्णा पेटी धुंडाळत राहिले.
ओठ दोनदा हलले.
मिळाला नाही शब्द,
की मिळाला आणि परत जागेवर ठेवला?

खाली जाताना पोराला शूबद्दल सांगितलं.
"कोण म्हणतंय?"
मी खुर्चीकडे बोट केलं.
त्याने कानामागचं पेन काढून
तळहातावर लिहून घेतलं: डावा.

दार सरकलं.
कुणी हात जोडले. मी जोडले नाहीत,
डोळे मात्र मिटले.
मध्यावर, बरोबर मध्यावर,
केसाएवढा एक हिसका बसला.
या वेळी मलाही कळला.